‘लोक काय म्हणतील’ सुटण्यासाठी रोजचा नेम

लोकांची पसंती मनातून काढायची म्हटली की ती आणखी घट्ट बसते. तिच्या जागी दुसरा आधार आणावा लागतो, आणि तो रोजच्या सरावाने येतो. वारकरी घरांत हा सराव नामाचा आहे.

सकाळी फोन हातात घेण्याआधी तुळशीच्या १०८ मण्यांची एक माळ ओढा. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचे, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, ओलांडू नका. तिथे पोचल्यावर माळ फिरवून उलट दिशेने चला. ‘रामकृष्णहरि’ सावकाश म्हटलं तर एका माळेला पाच-सहा मिनिटं लागतात. संध्याकाळी हरिपाठ, सगळा पाठ नसेल तर पहिला एक अभंग पुरे. पहिल्याच दिवशी अकरा माळांचा संकल्प करू नका. आठवड्यात दमछाक होते आणि नेमच सुटतो.

हा नेम कुणाला सांगू नका. इथेच बहुतेकांचं बिघडतं. माळेचा फोटो स्टेटसला गेला की त्या दिवशीचा जप लोकांसाठी होतो, आणि किती जणांनी पाहिलं हे बघायला मन पुन्हा फोनकडे धावतं. घरच्यांना आपोआप कळलं तर कळू द्या, लपवाछपवीही नको.

आठवड्यातून एक सेवा नाव न सांगता करा: दानपेटीत पावतीविना पैसे टाका, भंडारा उरकल्यावर भांडी घासा. सुरुवातीला ‘कुणी पाहिलं का’ म्हणून मान वळते. वळू द्या, हातातलं काम चालू ठेवा.

खरी परीक्षा निर्णयाच्या वेळी होते. समजा मुलीचं लग्न साधेपणाने करायचं आहे, पण भावकी बस्ता, मानपान आणि हॉलचा आग्रह धरते. कुणाला फोन करण्याआधी देवासमोर बसा आणि निर्णय मोठ्याने सांगा: काय करणार, का करणार, कशाची भीती वाटते. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांनी गाऱ्हाणंही विठोबापाशीच मांडलं. एक रात्र जाऊ द्या. सकाळी तेच बरोबर वाटत असेल तर वहीत एका ओळीत लिहा. मग नातेवाइकांना एवढंच सांगा: “काका, आमचं ठरलंय. तुम्ही आशीर्वाद द्यायला या.” कारणं देत बसू नका. प्रत्येक कारणावर नवा वाद निघतो आणि तुम्ही पुन्हा त्यांच्या होकाराची वाट बघू लागता.

मात्र सल्ला आणि पसंती यांत गल्लत नको. परिणाम ज्याला भोगायचे आहेत त्याला विचारलंच पाहिजे: त्या मुलीला, जोडीदाराला, कर्ज निघणार असेल तर हिशोब कळणाऱ्याला, दुखण्यात डॉक्टरला. घरात मारहाण किंवा फसवणूक होत असेल तर देवाला सांगून गप्प बसू नका, माणसांची मदत मागा.

आणखी दोन चुका वारंवार होतात. एक, देवाशीच सौदा: ‘मी माळ ओढतो, तू माझं नाव होऊ दे.’ मागणी तीच राहिली, फक्त दार बदललं. दुसरी, उद्धटपणा. ‘मला कुणाची पर्वा नाही’ असं चारचौघांत सांगावंसं वाटतं तेव्हा ते चारचौघं अजून मनात बसलेलेच असतात. वारकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणून पाया पडतात, वय-मान न बघता. तो नमस्कार मनापासून करायला लागा. मान देण्यात रमलेलं मन मिळालेल्या मानाची मोजदाद विसरतं.

कौतुक आलंच तर ‘पांडुरंगाची कृपा’ म्हणा आणि विषय बदला. रात्री दिव्यापाशी दिवसातली एकच गोष्ट आठवा आणि विचारा: कुणी पाहणारं नसतं तरी मी हे केलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तरी स्वतःला दोष देऊ नका, ते देवाला सांगून झोपा. नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट माळा ओढून भरपाई करू नका. नेहमीची एक माळ ओढा.