गॅस गिझर आणि बंद बाथरूम: या चुका टाळा

मराठवाड्यात गॅस गिझर घ्यायचं मोठं कारण म्हणजे विजेचा लपंडाव. पहाटे लाइट नसली तरी दोन सेलवर ठिणगी पडते आणि पाणी तापतं. पण लाइट गेली की एक्झॉस्ट फॅनही बंद पडतो. ‘फॅन आहे ना’ म्हणून गिझर बाथरूममध्ये लावणं ही पहिली चूक.

जरा हिशोब करा. चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सुमारे ५,४०० लिटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर मिनिटाला साधारण १५ ग्रॅम गॅस जाळतो, आणि एका ग्रॅमला जवळपास १२ लिटर हवा लागते. पाच मिनिटांत ९०० लिटर हवा ज्योतीनं वापरली. दार-झरोका घट्ट बंद असेल तर २१ टक्के असलेला ऑक्सिजन तेवढ्यात १७-१८ टक्क्यांवर येतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकावर विसंबून चालतच नाही.

झरोका बुजवू नका, आणि एकाच झरोक्यावर राहू नका

परभणी-हिंगोलीकडं गारठा वाढला की झरोक्यात गोणपाट नाहीतर पुठ्ठा कोंबला जातो. अंघोळीला ऊब मिळते, पण बर्नरची हवा तुटते. वरचा झरोका उघडा असला तरी तेवढ्यानं भागत नाही. गरम हवा वरून जायला खालून ताजी हवा आत यावी लागते. दोन तोंडं हवीत: एक छतापासून फूटभरात, दुसरं जमिनीपासून फूटभरात, दोन्ही थेट बाहेर उघडणारी, प्रत्येकी किमान १० बाय १० इंच. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो, त्यालाही खालच्या तोंडातून वाट मिळते. ‘दाराखाली फट आहे’ हे उत्तर पुरत नाही: ३० इंची दाराखालची अर्ध्या इंचाची फट म्हणजे फक्त १५ चौरस इंच. डासांची जाळी लावली असेल तर भोक मोठं ठेवा. जाळी बरीच जागा खाते आणि धुळीनं भरते.

ताज्या हवेला आत यायला वाट नसेल तर फॅन चालू असूनही उपयोग नाही. उलट गिझरला धुराचा पाइप असेल तर फॅन त्याच पाइपातून जळका वायू परत आत ओढतो.

खरा उपाय एकच, गिझर बाहेर. मागच्या भिंतीवर किंवा उघड्या गॅलरीत वर पत्र्याचं छप्पर करून लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. इथंही दोन चुका होतात. गिझर नेमका झरोक्याखाली बसवतात, मग सगळा जळका वायू परत आत येतो. किंवा वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून चारही बाजूंनी पेटी ठोकतात. आडोसा करायचा तर एका बाजूनंच.

ज्योत पिवळी झाली तर

ज्योत निळी, स्थिर हवी. पिवळी, लांब, फडफडणारी असेल तर गिझर बंद करून ठेवा. बर्नरच्या हवेच्या भोकात कोळ्याचं जाळं किंवा धूळ, वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी, नाहीतर घरगुतीऐवजी जास्त दाबाचा रेग्युलेटर, बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी निघतं. शेगडीचं भोक टाचणीनं साफ करतो तसं इथं करू नका, भोक मोठं होऊन बिघाड वाढतो.

बोअरच्या जड पाण्यानं नळीत क्षार बसतात. पाणी कोमट येतं, मग बटण वाढवून गिझर जास्त वेळ चालवला जातो. सर्व्हिसिंग दिवाळीच्या आधीच करून घ्या. नरक चतुर्दशीला पहाटे सगळं घर एकामागून एक अंघोळीला जातं आणि आतली हवा बदलायला उसंतच मिळत नाही.

गिझर अजून आतच असेल तर हवेची वाट पुरते का, हे तपासून पाहा. आधी गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती नाही याची खात्री करा. मग दार बंद करून, गिझर दोन मिनिटं चालवून बाहेरून खालच्या तोंडाशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. जागीच घुटमळला किंवा बाहेर आला तर वाट पुरेशी नाही.

चक्कर आली तर

डोकं जड होणं, मळमळ, पायांतलं त्राण जाणं ही लक्षणं दिसली की गिझर बंद करून ताबडतोब बाहेर. वृद्ध आणि मुलं अंघोळीला असताना आतून कडी लावायची नाही. आत कुणी कोसळलं असेल तर दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथं फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा ९८-९९ दिसतो. तो पाहून घरी थांबू नका. रक्ताची तपासणी आणि मास्कनं शुद्ध ऑक्सिजन, दोन्ही दवाखान्यातच होतं.