एडिटर व्हायचंय? मग आधी असिस्टंटचं काम नीट शिका

सिनेमा-सिरियलचा एडिटर व्हायचं म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअरच्या महागड्या क्लासची फी भरून मोकळे होतात, मला ते पटत नाही. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन टाका, हात बसवा, पुढे प्रीमियर नाहीतर अ‍ॅव्हिड शिकायला वेळ लागत नाही, कारण कट कुठे मारायचा हे कुठलंच बटण सांगत नाही. रीतसर शिकायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची एसआरएफटीआय या फिल्म इन्स्टिट्यूट आहेतच, दोन्हीकडे एडिटिंग वेगळं शिकवतात, पण एंट्रन्स द्यावी लागते आणि सीट मोजक्याच. (एडिटर रेणू सलुजा, दिग्दर्शक राजकुमार हिरानी दोघं एफटीआयआयचेच, हिरानी तर आधी एडिटर.)

नाही लागला नंबर तर अंधेरी-गोरेगावला सिरियलच्या पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या कामात, असिस्टंट म्हणून शिरा. डेली सोपला नावं ठेवतात लोक, पण रोज एपिसोड द्यायचा असतो त्यामुळे हात तिथे जेवढा चालतो तेवढा कुठे चालत नाही.

सेटवरून कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आलं की कॉपी दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि नुसतं ड्रॅग-ड्रॉप नाही, चेकसम तपासणारं, म्हणजे कॉपी मूळ फाइलशी हुबेहूब जुळते का ते बघणारं सॉफ्टवेअर वापरायचं. व्हेरिफाय झालं, चार क्लिप उघडून बघितल्या, मगच कार्ड परत. प्रॉडक्शनवाला दारात उभा राहून "दे रे लवकर" करत असतो, करू दे. मग सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं. शॉटच्या सुरुवातीला वाजवतात त्या क्लॅपच्या पट्ट्या ज्या फ्रेमला मिटतात ती फ्रेम आणि साउंडमधला टक्क जुळवायचा. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, त्यात दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी ओठांकडे बघून कळतं. सिनेमा असेल तर 24 आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा. क्लिपला नाव सीन-शॉट-टेक असंच, 'फायनल फायनल 2' नको.

एडिटरला विचारून त्याचा सीक्वेन्स (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेला सीन) डुप्लिकेट करा आणि तोच सीन स्वतः कापून बघा. समजा सासू-सुनेचं भांडण आहे, जी बोलतेय तिच्यावरच कट मारत गेलात तर नुसतं टेबल टेनिस होतं. सुनेचं वाक्य चालू असतानाच सासूवर जा, आवाज सुनेचाच राहू दे, मग बघा सीन कसा बसतो ते. म्युझिक सगळ्यात शेवटी.

शोरीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यात, एक अख्खा सीन द्या, ट्रान्झिशन बघून कोणी काम देत नाही. आणि पैसे महिन्यावर का एपिसोडवर, नाइट शिफ्ट झाली तर घरी जायला गाडी मिळणार का, हे सगळं जॉइन व्हायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.