आधी परतीची गाडी, मग कार्यक्रम: नाशिकचा उन्हाळा कसा बघाल

एसटीच्या नाशिक विभागात मी 31 वर्षं वाहक होतो. त्यातली बरीच वर्षं पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूच्या मुक्कामी गाड्यांवर गेली. संध्याकाळी गावात पोहोचायचं, गाडीतच किंवा देवळाच्या ओट्यावर पडायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन शहरात यायचं. त्या मुक्कामांमुळे उन्हाळ्याच्या रात्री आपल्या भागात काय काय चालतं ते मला बघायला मिळालं. आता पुतणे, भाचे, बिल्डिंगमधली कॉलेजची मुलं विचारतात, "आबा, मे महिन्यात नाशकात असतं तरी काय?" द्राक्षमळ्यांतले मोठे संगीत महोत्सव थंडीत होतात, हे खरं. पण चैत्र ते ज्येष्ठ या अडीच-तीन महिन्यांत इथं जे होतं ते वर्षात पुन्हा होत नाही. त्याच्या जाहिराती फारशा लागत नाहीत, म्हणून कसं शोधायचं आणि कसं बघायचं ते लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट परतीची. कार्यक्रम ठरवण्याआधी घरी कसं यायचं ते ठरवा. रात्री साडेनऊला माणसं घड्याळ बघायला लागतात आणि कार्यक्रम रंगात येत असताना उठतात. इतकी वर्षं मी ते गाडीच्या दारातून पाहिलं आणि दर वेळी हळहळलो. शहरात असाल तर निमाणी किंवा सीबीएसवरून तुमच्या भागाकडे जाणारी शेवटची सिटीलिंक (शहर बस) किती वाजता आहे ते जातानाच विचारून ठेवा. खेड्यात जाणार असाल तर रात्री परत यायचंच नाही, असं ठरवून निघा.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. आपल्याकडचे उन्हाळी कार्यक्रम दोन हिशेबांनी चालतात. काळारामाचा रथ, सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सव, आखाजी (अक्षय्य तृतीया), निवृत्तिनाथांची पालखी हे तिथीनं. व्याख्यानमाला, भीमजयंती, नाट्यशिबिरं हे तारखेनं. तिथीचं कालनिर्णयमध्ये बघायचं, मागच्या वर्षीच्या तारखेवर जायचं नाही. दर 32-33 महिन्यांनी अधिक महिना येतो आणि त्याच्या पुढचं सगळं महिनाभर लांबतं. असे चुकलेले प्रवासी मी गाडीत बसवून नेले आहेत आणि दुसऱ्या दिवशी तसेच परत आणले आहेत.

आता रथ. रामनवमीनंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला पंचवटीत काळाराम मंदिरातून रथ निघतात. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ पलीकडे गावात फिरून येतो. या सोहळ्यात माझी नजर रथापेक्षा त्या वर्षीच्या मानकरी पुजाऱ्यांवर असते. ते रथाकडे तोंड करून उलट पावलांनी चालतात, सगळा मार्ग. रथाच्या मागे लागलात तर गर्दीत पाठीच दिसतील. रथाच्या पुढे जाऊन एखाद्या ओळखीच्या घराच्या ओट्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर जागा धरा. लहान मूल बरोबर असेल तर रामकुंडाच्या उतारावर थांबू नका, तिथं मागून रेटा येतो. गाडी गोदावरीच्या अलीकडेच लावा आणि पूल चालत ओलांडा.

त्याच दिवसांत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव असतो, तो चैत्र पौर्णिमेपर्यंत. खानदेशातून माणसं उन्हातान्हात पायी येतात. यात्रेत खासगी गाड्या खाली नांदुरीला थांबवतात आणि वर एसटीनं जावं लागतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मा त्रास वाचतो.

बोहाड्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे. नाशकातल्या दहा जणांना विचारलं तर आठ जणांनी तो पाहिलेला नसतो, आणि पेठ रस्त्यावरचा सावळ घाट उतरला की तो आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूल या आदिवासी पट्ट्यात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात शेतीची कामं थांबली की उन्हाळ्यात बोहाडा होतो. काही गावांत त्याला भोवाडा म्हणतात. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं रात्रभर गावाच्या वाटेवर नाचतात. सुरुवातीला गणपती, सरस्वती, मग एकेक सोंग: नरसिंह, भीम, रावण, खंडेराव. शेवटी पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुराचं युद्ध. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं असतं आणि तो मान बापाकडून मुलाकडे येतो. संबळ आणि पिपाणी वाजते आणि वाजवणारा प्रत्येक सोंगाची चाल बदलतो. दोन-तीन रात्री ऐकलंत की सोंग अंधारात असतानाच नुसत्या वाजवण्यावरून कोण येतंय ते कळायला लागतं. मला पहिल्यांदा खंडेराव असा ओळखता आला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

बोहाड्याची तारीख छापील कॅलेंडरात नसते, गाव बसून ती ठरवतं. म्हणून विचारायला हवं. फाल्गुन संपला की जुन्या सीबीएसवर पेठ-सुरगाण्याच्या गाडीचा वाहक किंवा चालक गाठा आणि "यंदा बोहाडा कुठं धरलाय?" असं विचारा. त्यांना माहीत असतं, कारण त्या रात्री त्यांची गाडी भरून जाते. दुसरी जागा त्या भागातला आठवडे बाजार. संबळवाल्याला आधीच सुपारी गेलेली असते, त्यामुळे वाजंत्री लोकांकडूनही खात्रीची बातमी मिळते. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच रात्र सांगितली तरच निघा.

निघताना पाण्याच्या दोन बाटल्या, बॅटरी, एक सतरंजी आणि एक चादर घ्या. दुपारी घाटात अंग भाजतं, पण पहाटे तिथं गारठा पडतो. सुट्टे पैसे आणि नोटा जवळ ठेवा, रेंज गेली की मोबाईलनं पैसे देता येत नाहीत. जेवून जा किंवा भाकरी-चटणी बांधून न्या. उजेडात पोहोचा, गावातल्या जाणत्या माणसाला भेटा, आपण कुठून आलो ते सांगा, कुठं बसू असं विचारा. तुम्हाला जागा मिळते, बहुतेकदा चहाही मिळतो.

आणि सोंगाच्या तोंडावर उजेड मारू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नीट दिसावं म्हणून मी बॅटरी थेट मुखवट्यावर धरली. मुखवट्याला डोळ्यांची भोकं बारीक असतात, आत घाम असतो, ओझं असतं. नाचणाऱ्याचे डोळे दिपले, तो अडखळला, मागं धरणाऱ्या पोरानं त्याला सावरलं. कुणी मला ओरडलं नाही. एका वडीलधाऱ्यानं माझा हात धरून बॅटरी खाली केली आणि म्हणाला, "देव आहे तो, वाहक." सकाळी मी त्या नाचणाऱ्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून बॅटरी पायापुरतीच. आता मोबाईलचे फ्लॅश आलेत, त्यांनाही हेच लागू. फोटो हवा असेल तर मुखवटा चढवण्याआधी, पूजा झाल्यावर, घरच्यांना विचारून काढा. आणि ओवाळणीच्या ताटात काहीतरी टाका.

रात्री मध्येच डोळा लागला तरी हरकत नाही, पण देवी निघाली की उठा. मग उजाडताना मुक्कामी गाडी पकडा. त्या पहिल्या फेरीत निम्मी माणसं झोपलेली असतात आणि टपावर कुणाचा तरी संबळ बांधलेला असतो.

आता शहरात येऊ. मे महिना लागला की गंगेवर वसंत व्याख्यानमाला सुरू होते. (बाहेरून आलेल्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला महिनाभर रोज संध्याकाळी देव मामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर चालते आणि तिकीट नसतं. देव मामलेदार म्हणजे सटाण्याचे ते मामलेदार, ज्यांनी दुष्काळात सरकारी खजिना गोरगरिबांत वाटला. बागलाणातली माणसं आजही तिथून जाताना हात जोडतात. दिवसपाळी असली की डेपोत पैशांचा भरणा करून मी थेट तिथं जायचो. शेती, कायदा, इतिहास, आजारपण, अंतराळ, संगीत, काय काय त्या पायऱ्यांवर ऐकलं. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पुढचं सगळं मी तिथं शिकलो असं मानतो.

एप्रिलच्या शेवटी स्थानिक पेपरांत विषयांची यादी येते. ती कापून फ्रिजवर लावा आणि पाच-सहा संध्याकाळी ठरवा. त्यातली एक तरी तुम्हाला अजिबात न कळणाऱ्या विषयाची असू द्या. दगड दिवसभर तापलेला असतो, आठपर्यंत त्याची धग जात नाही, म्हणून सतरंजीची चौपदरी घडी करून बसा. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी गाडी आणूच नका. 2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, घाटाकडची एखादी वाट कामासाठी बंद असू शकते, तेव्हा पहिल्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवून निघा. व्याख्यान सुटल्यावर भेळभत्ता खात पुलावर थोडं थांबा. त्या वेळी बाजूच्या माणसांशी जे बोलणं होतं ते घरी बसून होत नाही.

एप्रिलमध्ये भीमगीतांच्या रात्री असतात. 14 एप्रिलच्या आगेमागे आणि नंतरही वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या येतात. ज्या काळाराम मंदिरासाठी 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला, त्याच शहरात ही गाणी ऐकणं वेगळं आहे. भीमगीतं लिहिणारे आणि गाणारे लोककवी वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. 15 मे हा त्यांचा स्मृतिदिन, त्याच्या आसपास कुठं कार्यक्रम आहे का ते आवर्जून विचारा. लाउडस्पीकरला साधारण दहापर्यंतच परवानगी असते, त्यामुळे "नऊला जाऊ, तेव्हाच रंगतं" हा जुना हिशेब सोडा. सातला जा, पुढं बसा. गायकाच्या शेजारच्या कोरसवाल्यांकडे लक्ष द्या, गाणं तेच उचलून धरतात. आवडलेल्या कडव्याला बक्षीस द्यायची रीत आहे, दहा-वीस रुपयांनाही तिथं मान असतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कसमादे पट्ट्यात, कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडे बघावी. आमच्या मंडळींचं माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे मला ती घरातून कळली. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोका बांधतात आणि दुपारभर अहिराणी गाणी चालतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. पण हा मांडव घालून केलेला कार्यक्रम नाही, घरचा सण आहे. ओळखीच्या घरी, बोलावणं असेल तरच जा. झोक्यापाशी पुरुषांनी घुटमळू नये, ओट्यावर बसलं तरी गाणी कानावर येतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर म्हणणाऱ्या बायांना विचारा, आणि नंतर त्यांना ऐकवा. आमच्या सासूबाईंचा आवाज असा एका कॅसेटमध्ये राहिलाय, तो आता नात ऐकते.

ऊन सोसत नसेल त्यांनी सभागृहं धरावीत. शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिर आहे. जवळच 1840 च्या सार्वजनिक वाचनालयात परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, त्याला सगळे 'पसा' म्हणतात. गंगापूर रोडला कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे. तिथले छोटे कार्यक्रम दाराशी लावलेल्या फलकावरूनच कळतात, म्हणून जाता-येता फलक वाचायची सवय लावा. गाणं आवडत असेल तर 28 मे लक्षात ठेवा. 1921 साली त्या दिवशी शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर नाशकात जन्मले, आणि त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला होता. त्या दिवशी कुठं मैफल नसेल तर घरी चार जण जमवून त्यांचं गाणं लावा. मुलांना नाट्यशिबिरात घालायचं असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाव द्या, आणि शेवटी मुलं स्टेजवर उभी राहतात का ते आधी विचारा. तसं नसेल तर दुसरं शिबिर बघा.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीव कधीही येतो. दुपारी चारला आभाळ काळवंडलं तर घाटावर निघण्याआधी आयोजकांच्या फलकावरचा नंबर फिरवा, काही वेळा कार्यक्रम ऐनवेळी जवळच्या एखाद्या सभागृहात हलवतात.

मग ज्येष्ठात त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीकडे निघते आणि नाशकातून जाते. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोटो काढण्यापेक्षा सातपूरपासून शहरापर्यंत तरी बरोबर चाला. चप्पल जुनी घाला, टोपी घ्या, एखाद्या दिंडीच्या विणेकऱ्याला विचारून मागच्या रांगेत लागा. टाळ नसला तर टाळी वाजवा. दुपारनंतर पावसाची सर आली तर दिंडी थांबत नाही, म्हणून मोबाईल आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. शहरात पोहोचलात की सिटीलिंक आहेच.