दोन शहरांची तुलना कशी करावी: व्हिएन्ना आणि बुडापेस्ट

दोन युरोपीय शहरांची तुलना करायची असेल, तर जोडी विचारपूर्वक निवडावी. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही माझ्या मते फार चांगली जोडी आहे, कारण दोन्ही शहरे डॅन्यूबच्या काठी वसलेली आहेत आणि ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातल्या १८६७ च्या तडजोडीपासून १९१८ पर्यंत ती एकाच सम्राटाच्या दोन राजधान्या होती.

साम्यांची यादी करण्याआधी एखादी समान घटना घ्यावी आणि तिचे दोन्हीकडे काय झाले, ते पाहावे. तुर्कांचे आक्रमण हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. व्हिएन्नाने १५२९ आणि १६८३ चे वेढे परतवून लावले. बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, मात्र १५४१ मध्ये तुर्कांच्या हाती गेले आणि १६८६ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. या फरकाच्या खुणा आजही दिसतात. व्हिएन्नाने आपली तटबंदी पुढे दीडशेहून अधिक वर्षे राखली. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने ती पाडण्याचा हुकूम दिला आणि मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात रिंगस्ट्रास हा भव्य रस्ता उभा राहिला. बुडाला तुर्कांकडून हमाम मिळाले. रुदास स्नानगृहात सोळाव्या शतकातल्या घुमटाखाली अष्टकोनी कुंड आहे आणि घुमटातल्या लहान लहान झरोक्यांमधून रंगीत उजेड त्या गरम पाण्यावर पडतो.

त्यानंतर नकाशा उघडून नदी पाहावी. व्हिएन्नाच्या जुन्या गावाला लागून फक्त डॅन्यूबचा कालवा जातो, मुख्य प्रवाह लांब आहे. बुडापेस्टमध्ये नदी शहराच्या मधोमध वाहते, आणि १८४९ च्या साखळी पुलानंतरच, १८७३ मध्ये, बुडा, पेश्त आणि ओबुडा मिळून एक शहर झाले.

एका चुकीपासून मात्र आवर्जून सावध राहावे. व्हिएन्नाचे ऑपेरागृह १८६९ चे आणि बुडापेस्टचे १८८४ चे, एवढ्यावरून धाकट्या शहराने थोरल्याची नक्कल केली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु युरोपच्या मुख्य भूमीवरची विजेवर चालणारी पहिली भुयारी रेल्वे १८९६ मध्ये बुडापेस्टमध्येच धावली. तिची स्थानके आंद्राशी मार्गाखाली, थोड्याच पायऱ्या उतरून गाठता येतात. पांढऱ्या फरशांच्या भिंती आणि लोखंडी खांब असलेल्या त्या ठेंगण्या फलाटावर काही वेळ अवश्य थांबावे.