व्हॉल्व्ह आणि एओर्टाच्या सर्जरीत यायचं असेल तर

सीव्हीटीएसला, म्हणजे हार्ट, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जरीला, येऊ का विचारणाऱ्या ज्युनियर्सना आधी वर्षांचाच हिशोब हवा असतो, तर तो सांगून टाकतो. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जनरल सर्जरीत एमएस ३ वर्षं, मग नीट एसएस ही पुढची प्रवेश परीक्षा आणि एमसीएच ही सुपरस्पेशालिटीची डिग्री ३ वर्षं, मधे सरकारी सेवेचा बाँड लागला तर तो वेगळा. एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचं डीआरएनबी, म्हणजे नॅशनल बोर्डाचं सुपरस्पेशालिटी ट्रेनिंग, पण आहे. एवढं करूनही एओर्टा, म्हणजे हार्टमधून निघणारी मुख्य धमनी, लगेच हातात येत नाही, त्यासाठी फेलोशिप करा, पण हॉस्पिटलचं नाव बघून जाऊ नका, तिथल्या रेसिडेंटला फोन करून विचारा की बाबा तुला स्वतःला किती केसेस करायला मिळाल्या.

हात मात्र आत्तापासून बसवता येतो. मटणवाल्याकडून बकऱ्याचं अख्खं दिल आणा, वरच्या नळ्या कापू नको म्हणून आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर तो सवयीने साफ करून देतो. एओर्टा आडवी उघडली की आत एओर्टिक व्हॉल्व्हच्या ३ पातळ पाकळ्या दिसतील आणि त्यांच्या वरच्या बाजूला कोरोनरीची, म्हणजे हार्टलाच रक्त देणाऱ्या धमन्यांची, २ तोंडं. टाका पाकळीला नाही, अ‍ॅन्युलसला, म्हणजे पाकळ्या जिथे चिकटतात त्या कड्याला, घ्यायचा, सुई तिच्या स्वतःच्या वळणाने फिरू द्यायची, ओढायची नाही. उजवी आणि नॉन-कोरोनरी पाकळी जिथे भेटतात ती जागा बोटाने शोधून ठेवा, माणसाच्या हार्टमधे त्याच्याच खालून हिस बंडल, म्हणजे ठोक्यांचा विद्युत संदेश नेणारा तंतूंचा जुडगा, जातो, तिथे टाका खोल गेला तर पेशंटला आयुष्यभराचा पेसमेकर लागू शकतो.

इकोचा (हार्टच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट वाचून थांबू नका, कार्डिओलॉजिस्टच्या शेजारी बसून क्लिप्स बघा. आणि रात्री २ वाजता टाइप ए डिसेक्शन, म्हणजे हार्टजवळच्या एओर्टाचा आतला थर फाटलेला पेशंट, आलं तर ड्युटी नसली तरी जा, पेशंट थंड करणं, सर्क्युलेशन बंद करणं, तेवढ्या वेळात मेंदूला रक्त कसं देतात, हे परफ्युजनिस्टजवळ, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्याजवळ, उभं राहूनच कळतं. बेंटॉल, म्हणजे एओर्टिक व्हॉल्व्ह आणि एओर्टाची सुरुवात एकत्र बदलायचं ऑपरेशन, १९६८ पासून होतंय, त्याच्या स्टेप्स पाठ करता येतात, पण फाटलेली एओर्टा ओल्या कागदासारखी असते आणि टाका किती आवळायचा ते पाहूनच समजतं.

माझ्या मते सगळ्यात अवघड काम म्हणजे खराब व्हॉल्व्हच्या जागी कुठला कृत्रिम व्हॉल्व्ह बसवायचा ते ठरवणं. ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल व्हॉल्व्ह (हार्टच्या डाव्या बाजूची झडप) खराब झालेली २२ वर्षांची मुलगी, लग्न ठरलंय, गावात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची टेस्ट, करायची सोय नाही. मेकॅनिकल टिकेल, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि प्रेग्नन्सीत ती बाळाला धोक्याची. प्राण्याच्या टिश्यूपासून बनवलेला टिश्यू व्हॉल्व्ह तरुण वयात लवकर खराब होतो, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. तिच्याच व्हॉल्व्हचा रिपेअर जमण्यासारखा असेल तर तोच करायला शिका, वेळ लागला तरी चालेल. पैशाचंही आधी बोला, आपल्याकडे डॉ. वलियाथन यांच्या टीमने त्रिवेंद्रमला बनवलेला, १९९० मधे पहिल्यांदा बसवलेला चित्रा व्हॉल्व्ह आहे, परदेशी व्हॉल्व्हपेक्षा स्वस्त. तिच्या आईला आणि नवऱ्याकडच्यांनाही बोलवा, गोळी कधी घ्यायची, चुकली तर काय, रक्त कुठे तपासायचं, हे त्यांच्याकडून उलट वदवून घ्या, मगच कन्सेंटवर सही.