जुने सीझन, नंतरचे सीझन : सिटकॉम नेमकं कुठे वळलं ते कसं शोधावं

लांब चाललेल्या कुठल्याही सिटकॉमचा (म्हणजे त्याच पात्रांभोवती फिरणाऱ्या विनोदी मालिकेचा) विषय निघाला की ‘पहिले सीझन भारी होते, नंतर मजा गेली’ हे वाक्य हमखास येतं. ते खोटं असतं असं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. काय बदललं, कितव्या सीझनमध्ये, कोणाच्या हातून आणि कशामुळे, हे सांगता आलं तर मालिका खरी कळली. बदल हळूहळू झिरपत आला असं वाटतं, पण बऱ्याचदा तो दोन-तीन ठरावीक जागी होतो. मालिकेचे हे सांधे शोधायला एक वही, एक घड्याळ आणि नऊ भाग पुरतात.

भाग निवडताना

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सुरुवातीचे आपल्या लक्षात राहिलेले गाजलेले भाग एकीकडे आणि नंतरच्या सीझनमधला टीव्हीवर सहज लागलेला भाग दुसरीकडे, अशी तुलना केली तर जुनंच जिंकणार. म्हणून निवड आवडीवर सोडू नका, आकड्यावर सोडा. सीझन २२ ते २४ भागांचा असेल तर ६वा, १२वा आणि १८वा भाग घ्या. त्यातला एखादा जुन्या प्रसंगांचे तुकडे जोडून केलेला निघाला, किंवा दोन भागांच्या गोष्टीचा उत्तरार्ध निघाला, तर त्याच्या पुढचा घ्या. सीझनचे पहिले आणि शेवटचे भाग टाळा. प्रेक्षक ओढून आणायला किंवा उत्सुकता टांगून ठेवायला ते मुद्दाम वेगळे लिहिलेले असतात.

सीझन तीन घ्यायचे : दुसरा, मधला आणि शेवटून दुसरा. पहिला सीझन बहुतेकदा मालिकेचा खरा चेहरा दाखवत नाही. अमेरिकन ‘द ऑफिस’चा पहिला सीझन (२००५) फक्त सहा भागांचा होता आणि त्याचा पहिला भाग ब्रिटिश मूळ मालिकेच्या पहिल्या भागावरून जवळजवळ तसाच उचललेला होता. दुसऱ्या सीझनपासून ऑफिसचा साहेब मायकल स्कॉट जरा मऊ, जरा केविलवाणा झाला. त्याची केशरचनासुद्धा बदलली. ‘साइनफेल्ड’चा पहिला सीझन तर पाचच भागांचा. १९८९च्या पहिल्या भागात एलेन हे पुढचं मुख्य पात्रच नाही आणि क्रेमरला केसलर म्हणतात. हे ‘सुरुवातीचे दिवस’ म्हणून मोजलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

शेवटचा सीझनही नको. मालिका संपणार हे ठाऊक असलं की लेखक निरोप, लग्नं आणि राहिलेले हिशेब यांच्या मागे लागतात. तो वेगळाच प्रकार आहे, त्याचा अभ्यास स्वतंत्र करावा.

आता क्रम. दुसऱ्यापासून सलग पाहत गेलात तर डोळा सरावतो आणि बदल दिसतच नाही. एका बैठकीत दुसऱ्या सीझनचा एक भाग आणि लगेच शेवटून दुसऱ्या सीझनचा एक, असे जोडीने पाहा. मधल्या सीझनचे तीन भाग सगळ्यांत शेवटी पाहा, म्हणजे बदल कोणत्या अर्ध्यात झाला ते कळेल. भाग २२ मिनिटांचा धरला तर नऊ भागांना तीन तास अठरा मिनिटं लागतात. पहिल्यांदा न थांबवता पाहा, दुसऱ्यांदा थांबवत आणि नोंदी करत. दुसऱ्या फेरीला दुप्पट वेळ धरून चाला.

कोणती प्रत पाहताय?

हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग प्रतीतला फरक मालिकेच्या माथी मारतात. पुनःप्रक्षेपणासाठी भाग कापलेले असतात, कधीकधी थोडे वेगातही चालवतात. ‘फ्रेंड्स’च्या अमेरिकन डीव्हीडींवर वाढीव प्रसंगांसह लांबवलेले भाग होते, ब्ल्यू-रेवर मात्र प्रक्षेपित झालेले. त्यामुळे एक सीझन डीव्हीडीवर आणि दुसरा स्ट्रीमिंगवर असं करू नका. नऊच्या नऊ भाग एकाच ठिकाणचे हवेत.

चौकटीचंही तसंच आहे. २००० सालाच्या आसपासपर्यंतची बहुतेक सिटकॉम ४:३ चौकटीसाठी रचलेली होती. ती आजच्या रुंद पडद्यावर बसवताना वरचा-खालचा भाग कापला जातो. ‘द सिम्पसन्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतला दारूच्या कारखान्याचा प्रसंग पाहा : डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन बिअरच्या वेगवेगळ्या टाक्या आहेत आणि वर एकच नळी तिघींना जोडलेली आहे. सगळा विनोद त्या नळीत आहे. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये डिझ्नी प्लसवर हे भाग कापून रुंद केलेल्या चौकटीत आले तेव्हा नळीच पडद्याबाहेर गेली. मूळ चौकटीचा पर्याय २०२०च्या मे महिन्यात दिला गेला. तो सेटिंगमध्ये असेल तर आधी तोच निवडा. नाहीतर जुन्या भागात ‘विनोद कळला नाही’ अशी नोंद कराल आणि दोष भलत्याच्याच पदरात पडेल.

भागाची लांबीही लिहून ठेवा. अमेरिकन वाहिन्यांवर अर्ध्या तासाच्या जागेत १९७०च्या दशकात सुमारे २५ मिनिटांचा मजकूर असे, १९९०च्या दशकात सुमारे २२ मिनिटांचा. जाहिराती वाढल्या तशी गोष्ट आक्रसली. म्हणून पुढे जे काही मोजाल ते दर दहा मिनिटांमागे किती, असं मांडा.

सांधे : कागदावर कसे सापडतात

भाग लावण्याआधी श्रेयनामावली पाहा. दिग्दर्शकापेक्षा इथे शोरनर महत्त्वाचा, म्हणजे लेखकांच्या खोलीचा प्रमुख. श्रेयनामावलीत तो कार्यकारी निर्माता म्हणून असतो. त्याचं नाव कधी आलं, कधी गेलं याची रेघ आखा. ‘साइनफेल्ड’मध्ये लॅरी डेव्हिड सातव्या सीझननंतर बाहेर पडले आणि आठव्या-नवव्याची धुरा जेरी साइनफेल्ड यांनी घेतली. फरक लगेच दिसतो : सुरुवातीचे स्टँड-अपचे तुकडे गेले, प्रसंग तुटक आणि वेगवान झाले, कथानकं अधिक अचाट झाली.

आता खाचखळगा. सीझन बदलला म्हणजे लेखकमंडळी बदलली असं नसतं. काही भाग एका हंगामात तयार होतात आणि पुढच्या हंगामात प्रक्षेपित होतात. ‘सिम्पसन्स’च्या पाचव्या सीझनचे पहिले दोन भाग (१९९३) चौथ्या सीझनच्या मंडळींनी बनवलेले आहेत, त्यांचे निर्मिती क्रमांक (भाग बनवताना त्याला दिलेली खूण) ९एफ२१ आणि ९एफ२२. पाचव्या सीझनसाठी बनवलेल्या भागांचे क्रमांक १एफपासून सुरू होतात. तेव्हा ‘पाचवा सीझन झोकात सुरू झाला’ याचं श्रेय पाचव्याच्या प्रमुखाला द्यायचं असेल तर तिसऱ्या भागापासून द्या. पहिल्या सीझनमध्ये याचं दुसरं टोक आहे : सर्वांत आधी बनवलेला भाग अ‍ॅनिमेशन पुन्हा करावं लागल्यामुळे १९९०च्या मे महिन्यात सीझनचा शेवटचा म्हणून दाखवला गेला. त्यामुळे निर्मिती क्रमांक मिळत असेल तर त्याच क्रमाने नोंदी लावा.

दुसरा सांधा नटमंडळींचा, त्याबद्दल पुढे. तिसरा तांत्रिक, आणि तो कमी लेखू नका. ‘हॅपी डेज’ पहिले दोन सीझन एका कॅमेऱ्यावर, चित्रपटासारखी चित्रित होत होती. तिसऱ्यापासून तीन कॅमेरे आणि समोर खरा प्रेक्षक आला. प्रेक्षक समोर असला की लाडकं पात्र आत येताच टाळ्या पडतात, नट टाळ्या ओसरेपर्यंत थांबतो, आणि लेखक त्या थांब्यासाठी जागा ठेवायला लागतो. सगळी लय इथून बदलते.

वहीत काय लिहायचं

पहिला रकाना प्रसंगांचा. जागा बदलली किंवा वेळ पुढे गेली की नवा प्रसंग. जाहिरातीनंतर तिथंच, त्याच क्षणी परत आलो तर नवा मोजू नका. इथे घोळ झाला की आकडे फुगतात. ‘साइनफेल्ड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये (१९९१) एक अख्खा भाग रेस्टॉरंटमध्ये टेबलाची वाट पाहण्यात जातो, जागा एकच आणि काळ सलग. नंतरच्या सीझनमध्ये चार पात्रांच्या चार गोष्टी समांतर धावतात आणि शेवटच्या मिनिटात एकमेकींवर आदळतात. मालिका तीच, पण यंत्र पूर्ण वेगळं.

दुसरा रकाना धाग्यांचा : मुख्य गोष्ट कोणाची, जोडगोष्ट कोणाची. तिसरा हशाचा. प्रत्येक हशा मोजत बसू नका, हात दुखेल आणि उपयोग नाही. प्रत्येक भागातले दहा मोठे हशे घ्या आणि विनोद कुठून आला ते एका अक्षरात लिहा : ‘प’ म्हणजे परिस्थितीतून, ‘स’ म्हणजे पात्राच्या ठाऊक असलेल्या सवयीतून, ‘आ’ म्हणजे मालिकेच्याच जुन्या प्रसंगाच्या आठवणीतून, ‘पा’ म्हणजे पाहुण्या कलाकारामुळे. नंतरच्या सीझनमध्ये ‘स’ आणि ‘आ’ वाढलेले दिसतील. त्याला लगेच वाईट म्हणू नका. दोनशे भाग सोबत काढलेल्या प्रेक्षकाला आठवणीतला विनोद हक्काचा वाटतो. फक्त नवख्याला तो कळत नाही.

चौथा रकाना सर्वांत मोलाचा. प्रत्येक मुख्य पात्रासमोर एकच वाक्य : ‘या भागात याला काय हवंय?’ हे वाक्य लिहिताना अडलात, आणि ‘हवंय’ऐवजी ‘हा असा आहे’ असंच सुचायला लागलं, तर ते पात्र एका गुणावर येऊन ठेपलंय.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘सिम्पसन्स’मधला शेजारी नेड फ्लँडर्स. दुसऱ्या सीझनमध्ये (१९९०) तो मालिकेच्या नायकाला, होमरला, आपल्या घरातल्या करमणुकीच्या खोलीत नेतो, तिथल्या नळावरची बिअर पाजतो. मुलाशी त्याचं प्रेमाचं नातं आहे, घर नेटकं आहे, आणि होमर जळतो ते याच सगळ्यावर. नेड धार्मिक आहे, पण ती त्याच्या अनेक बाजूंपैकी एक. विनोद होमरच्या मत्सराचा आहे, नेडचा नाही. नंतरच्या सीझनमध्ये मात्र तो तोंड उघडतो तेच देवाधर्मासाठी. विनोद आता त्याच्या कर्मठपणाचाच. एक गुण फुगत जाऊन बाकी माणूस पुसला जाण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत त्याच्याच नावावरून ‘फ्लँडरायझेशन’ म्हणतात.

हे का होतं ते लिहिण्याच्या पद्धतीत दडलंय. वर्षाला वीस-बावीस गोष्टी लागतात, लेखक बदलत राहतात. नवा लेखक पात्राला ओळखतो ते आधीच्या संहितांमधून, आणि तिथं ठळक दिसते ती हशा मिळवणारी सवय. तो ती उचलतो, थोडी वाढवतो. पुढचा त्याची वाढवतो. कोणी आळस केलेला नसतो, तरी पाचव्या हाताला पात्राचं व्यंगचित्र झालेलं असतं.

नट गेला तर

इथे रिकामी जागा कशी भरली ते पाहा. ‘मॅश’ (१९७२ ते १९८३), म्हणजे कोरियन युद्धातल्या लष्करी शल्यचिकित्सकांची मालिका, यात फार शहाणपणाने वागली. ढिला कर्नल ब्लेक गेला आणि त्याच्या जागी पॉटर हा मुरलेला फौजी आला. मूर्ख आणि हाताने कच्चा फ्रँक बर्न्स गेला, तर विंचेस्टर आला : गर्विष्ठ, पण शस्त्रक्रियेत खरोखर निष्णात. बर्न्सला नुसतं हसता येत होतं, विंचेस्टरशी वाद घालावा लागतो. मालिका गंभीर झाली असं जे म्हणतात, त्याचा मोठा वाटा या बदल्यांमध्ये आहे. तेव्हा नव्या पात्रासमोर लिहा : जुन्यासारखं की उलट? सारखं असेल तर मालिका जुनाच विनोद चालू ठेवू पाहतेय. (‘मॅश’ची डीव्हीडी मिळाली तर पार्श्वभूमीचा हशा बंद करून पाहा. शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तो मुळातच ठेवलेला नव्हता.)

निष्कर्ष काढताना

एका बदनाम प्रसंगावर बोट ठेवू नका. ‘जंप द शार्क’ (म्हणजे मालिका घसरणीला लागणं) हा वाक्प्रचार ‘हॅपी डेज’च्या पाचव्या सीझनमधून आला : १९७७ साली तिचं लाडकं पात्र फोन्झी पाण्यावरच्या स्कीवरून शार्क ओलांडतो. पण ती मालिका १९८४पर्यंत चालली, आणि तिची घडण बदलली होती ती त्याआधीच, तीन कॅमेरे आले तेव्हा. गाजलेला प्रसंग हे लक्षण असतं. कारण बऱ्याचदा मागे सापडतं.

नऊ भागांच्या नोंदींवरून सांधा कुठे असावा याचा अंदाज आला, की निर्मिती क्रमाने त्याच्या अलीकडचे तीन आणि पलीकडचे तीन भाग पाहा. प्रसंगांची संख्या एकदम उडाली आणि चौथा रकाना तसाच राहिला, तर बदल चित्रीकरणाचा किंवा संकलनाचा. चौथा रकाना आधी हलला, तर तो लेखकांच्या खोलीतला. दोन्ही एकाच भागात हलले तर श्रेयनामावली पुन्हा उघडा. तिथं एखादं नाव नवीन असण्याची शक्यता दाट. आणि सहाही भागांत काहीच हललं नाही, तर सांधा चुकला. मधल्या सीझनच्या दुसऱ्या बाजूला जाऊन हेच सहा भागांचं माप पुन्हा लावा.