घरापासून वर्कशॉपपर्यंत जमिनीखालून वीज कशी न्यावी

जमिनीतल्या पाइपमध्ये पाणी शिरतंच. जोड कितीही पक्के करा, आतल्या हवेतलं बाष्प गार होऊन थेंब साचतात. त्यामुळे पाइप असला तरी आत घरगुती वायर ओढू नका. आर्मर्ड केबलच घ्या, म्हणजे आत स्टीलच्या तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच (आर्मर) असलेली.

समजा अंतर 40 मीटर आणि सिंगल फेजवर लोड 20 अँपिअर. तांब्याच्या 4 चौरस मिमी केबलमध्ये जवळपास 9 व्होल्ट वाटेतच जातात, 6 चौरस मिमीत सहाच्या आत. ग्राइंडर किंवा कॉम्प्रेसर चालू होताना करंट कित्येक पट वाढतो, म्हणून 6 चौरस मिमी तीन कोअर केबल घ्या आणि घराच्या बाजूला 25 अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी लावा, तोही सी-कर्व्ह, म्हणजे सुरुवातीच्या क्षणिक करंटला न पडणारा.

चर 30 सेंमी रुंद आणि 90 सेंमी खोल खणा, म्हणजे पाइपवर किमान 75 सेंमी माती राहते. गाडी जाते तिथे वर एक मीटर हवी. तळाशी 8 सेंमी वाळू, त्यावर 50 मिमीचा डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा, बाहेरून नालीदार प्लास्टिकचा) पाइप, वर पुन्हा 8 सेंमी वाळू. एवढ्याला पाऊण ते एक ब्रास लागते. काळ्या मातीत वाळूची काटकसर नको: ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोड ओढून सोडवते.

काटकोनी एल्बो टाळा, केबल तिथेच अडकते. मोठ्या वळणाचे बेंड वापरा, तेही दोनच. केबल ओढायचा दोर पाइपमध्ये आधीच घातलेला नसेल तर बारीक सुतळीला प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा बांधा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. बोळा सुतळीसकट येतो. सुतळीने नायलॉन दोर ओढा, दोराने केबल.

भिंतीतलं तोंड बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच ठेवून सील करा, नाहीतर पावसाचं पाणी पाइपमधून थेट डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) उतरतं.

आर्मर ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथल्या धातूच्या पकडीत) आवळून अर्थला जोडा. वर्कशॉपच्या डीबीत डबल पोल आयसोलेटर (मुख्य स्विच) आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं उपकरण) बसवा. तिथे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करू नका. नाहीतर न्यूट्रलचा करंट आर्मरमधून वाहू लागतो. हे जोडकाम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

चर बुजवण्याआधी, दोन्ही टोकं सुटी ठेवून, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासणी करवून घ्या. रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तर केबल कुठेतरी सोलली गेली आहे किंवा तिचं टोक ओलं आहे. रीडिंग ठीक आलं की विटा, मग माती, आणि जमिनीच्या पातळीखाली 30 सेंमीवर धोक्याची पट्टी.